'थांब'च्या पुढचं अक्षर

कालिंदीचा आवाज एकदम गेला नाही. कार्य उरकल्यावर लग्नघरातून पाहुणे जातात, तसा एकेका अक्षराने गेला. आधी 'ळ' गेला. शाळेत तिसरीच्या वर्गावर शिकवताना ती 'फळा' म्हणायला गेली आणि 'फया' म्हणाली. पोरं हसली, तीही हसली. मग 'र' गेला. मग 'ट' आणि 'ठ' जोडीने उठून गेले. शेवटी नुसते स्वर मागे राहिले, उतरलेल्या मांडवाच्या बांबूंसारखे, आणि एका सकाळी तेही कुणीतरी सोडून नेले.

डॉक्टर मुळीकांनी आजार समजावून सांगितला होता. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या नसा एकेक करून वाळत जातात. हुकूम सुटतो, पण पोचत नाही. हात हलत नाही, जीभ वळत नाही, पुढे कधीतरी छातीही फुगत नाही. हुकूम देणारं माणूस मात्र आत शाबूत असतं. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, स्वयंपाकघरात फोडणी करपली तर तेही.

कालिंदीच्या पापण्या तेवढ्या तिच्या उरल्या होत्या. एकदा मिटली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. विश्राम आवटी, तिचा नवरा, शाळेतला बाराखडीचा तक्ता तिच्यासमोर धरायचा, बोट फिरवायचा, आणि पापणी मिटली की थांबायचा. थांबायचा म्हणजे काय, एका अक्षरावर उडीच मारायचा. 'पा' आला की पाण्याचा चमचा तयार. एकदा त्याने असं दोनदा पाणी पाजलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की कालिंदी त्याच्या मागच्या भिंतीकडे बघते आहे. तिथे पाल होती.

ही सवय त्याची जुनी. मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात सगळी नोकरी गेली. खिडकीपाशी आलेला माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच त्याला कुठे काय पाठवायचं आहे ते विश्रामला कळायचं. ऑफिसात त्याचं कौतुक व्हायचं. घरी कालिंदी म्हणायची, माझं वाक्य मला पुरं करू द्या, मी काही पार्सल नाही. तेही वाक्य अर्ध्यावर असतानाच तो "कळलं, कळलं" म्हणायचा.

मग बोलपेटी आली.

कंपनीने तिला कसलं तरी भारदस्त नाव दिलं होतं, पण मिरजेतल्या दवाखान्यांत सगळे तिला बोलपेटीच म्हणत. आता ती काही नवलाईची राहिली नव्हती. मोतीबिंदूसारखी, सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी घरी यायची शस्त्रक्रिया. मेंदूच्या ज्या भागातून जिभेला, ओठांना, कंठाला हुकूम सुटतात, त्या भागावर नखाएवढी चकती बसवतात. माणसाने मनाशी 'पाणी' म्हटलं की जीभ हलली नाही तरी हुकूम सुटतोच. चकती तो टिपते आणि कानामागचं छोटं प्रक्षेपक यंत्र तो बिनतारी लहरींवरून उशाशी ठेवलेल्या पेटीकडे पाठवतं. पेटीला एक बोटाच्या पेराएवढं डोंगल खोचलेलं असतं, ते म्हणजे पेटीचा कान. कानाने ऐकायचं, पेटीने बोलायचं. आणि मनाशी जोरात मूठ आवळल्यासारखं केलं की एक घंटी वाजते. ती घंटी म्हणजे 'या' म्हणायची हाक.

पेटी बोलायला लागली त्या दिवशी विश्राम हिरमुसला. आवाज स्वच्छ होता, स्पष्ट होता, कुठल्याच गावचा नव्हता. फलाटावर गाडी उशिरा धावत असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणाऱ्या बाईसारखा. त्या बाईची वाक्यं कशी तुकडे जोडून केलेली असतात ते त्याला ठाऊक होतं. जन्मभर ज्या आवाजाशेजारी राहिलो, तो आता घरात येऊन 'अहो, पडदा सरकवा' म्हणतो, हे त्याला सोसेना.

आणि कालिंदीचा आवाज तर त्याच्याकडे होता. कपाटात होता.

कालिंदीचं माहेर म्हैसाळचं, कृष्णेच्या काठचं. तिथल्या बायकांकडून तिने ओव्या उचलल्या होत्या. शेणाने सारवताना, बाळाला न्हाऊ घालताना, उन्हात पापड राखताना म्हटलेल्या. काही तिने स्वतः जुळवल्या होत्या, पण ते ती सांगायची नाही. 'ऐकलेली आहे' एवढंच म्हणायची. रेडिओवर तिचे कार्यक्रम व्हायचे. विश्रामने ते सगळे टिपून ठेवले होते. रेडिओवरचे तर होतेच, पण घरातलेही. मूल नव्हतं त्यांना. शेजारणीच्या बाळासाठी तिने म्हटलेले पाळणे होते, भाकरी थापतानाची गुणगुण होती, आणि एका फितीत तर नुसतं त्याच्यावर ओरडणं होतं, कारण त्याने न विचारता यंत्र चालू केलं होतं. पुढे फितींवरून ते सगळं त्याने एका हार्डडिस्कवर घेतलं. काळी, तळहाताएवढी डिस्क.

पेटीच्या माहितीपुस्तकात लिहिलंच होतं. माणसाच्या जुन्या आवाजाचे नमुने भरपूर असतील तर डिस्क पेटीला जोडा, पेटी त्या आवाजात बोलेल. पेटीला मागे दोन खोबणी होत्या, अगदी खेटून. एकीत डोंगल. दुसरीत विश्रामने दिवाळीच्या पाडव्याला डिस्कची वायर खोचली.

डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकला. आणि कालिंदी बोलली. तिच्या आवाजात, तो वाक्याच्या शेवटी जरासा हेलकावा घेऊन खाली उतरणारा म्हैसाळचा सूर. काय बोलली ते विश्रामला त्या वेळी नीट कळलंही नाही. तो पलंगाच्या कडेला बसून रडत राहिला. कालिंदीने डोळे मिटून घेतले होते. आपलाच आवाज ऐकते आहे, त्याला वाटलं.

त्यानंतरचा हिवाळा गोड गेला. कालिंदी पूर्वीपेक्षाही गोड बोलायला लागली. 'कूस बदला' यासाठीही असं काही म्हणायची की म्हणण्यातच एक लय. मधूनच ओवीतला शब्द यायचा. दुपारी विश्राम स्वयंपाकघरात भांडी घासताना मोबाइलवरून पेटीवर त्याच डिस्कवरच्या तिच्या ओव्या लावून ठेवायचा, तिलाही ऐकू जाव्यात म्हणून. बाराखडीचा तक्ता कपाटामागे गेला. पापण्यांकडे बघायचं कारणच उरलं नव्हतं.

घंटी तेवढी बिघडायची. कधी वाजायची, कधी नाही. शिमगा झाल्यावर एका दुपारी ओव्या चालू होत्या, विश्राम कुकर घासत होता, आणि सहज डोकावला तर कालिंदीचा चेहरा निळसर झालेला. घशात लाळ अडकली होती. त्याने नळी घालून ती ओढली, पाठीवर हात फिरवला, तिला श्वास मिळाला. घाबरलेला माणूस रागावतो तसा तो रागावला. घंटी का नाही वाजवलीस म्हणून विचारलं. पेटी कालिंदीच्या आवाजात म्हणाली, वाजवते गं, वाजवते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्याने लाळेच्या ठसक्याचं धरलं.

मग डॉक्टर मुळीक घरी आले. छातीचे स्नायू आता थकत चालले आहेत, म्हणाले. दोन वाटा आहेत. गळ्याला भोक पाडून श्वासयंत्र जोडायचं. मग कदाचित पुष्कळ वर्षं निघतील, अशीच, यंत्रावर, आणि पुढेमागे पापण्याही जातील. नाहीतर यंत्र लावायचं नाही, त्रास होणार नाही एवढी औषधं द्यायची आणि जे होईल ते होऊ द्यायचं. हे ठरवायचा अधिकार फक्त कालिंदीबाईंचा. त्यांनी तिच्या डोळ्यांत बघून सावकाश विचारलं.

निळा दिवा लुकलुकला.

"थांबते गं घडीभर, घाई नाही जायाची."

डॉक्टर हसले. पुरुषाला 'गं' म्हणणारी पेशंट पहिलीच, असं म्हणाले. मग गंभीर होऊन त्यांनी कागदावर संमतीची नोंद केली. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली. विश्राम त्यांना जिन्याखालपर्यंत पोचवून आला तो पायऱ्या चढताना गुणगुणत आला. ती ओवी त्याला पाठ होती.

सांज उंबऱ्याशी उभी, तिच्या हाती गं दिवा,
थांबते गं घडीभर, घाई नाही जायाची जीवा.

ती थांबणार होती. बाकी काय हवं होतं त्याला.

सोमवारच्या आत घंटीचं काम करून घ्यावं म्हणून त्याने कंपनीच्या केंद्रात फोन केला. शनिवारी सकाळी रेहाना शिकलगार आली. तिशीची, पाठीवर सॅक, मिरजेचीच. तिचे आजोबा तंबोरे करायचे, हे तिने बूट काढता काढता सांगितलं, कारण विश्रामने आडनावावरून, तंबोरेवाल्यांपैकी का, म्हणून विचारलंच. आधी ती पलंगापाशी गेली, कालिंदीच्या हाताला हात लावून म्हणाली, काकू, मी पेटी बघायला आलेय, थोडा वेळ त्रास देणार. पेटी म्हणाली, ये गं बाई, बस. रेहाना कालिंदीच्या डोळ्यांकडे बघत राहिली, विश्रामला वाटलं त्यापेक्षा जरा जास्तच.

घंटी दहा वेळा वाजवून बघायला तिने सांगितलं. प्रत्येक वेळी वाजली. विश्राम ओशाळला. यंत्र दुरुस्तीवाल्यासमोर नेहमी शहाण्यासारखंच वागतं, म्हणाला. मग चहा ठेवायला आत गेला आणि हात सवयीने गेला तसा ओव्या लावल्या.

बाहेरून रेहानाने हाक मारली. गाणं बंद करा, म्हणाली. मग म्हणाली, लावा. पुन्हा बंद करा. असं चार-पाचदा झालं तसा विश्राम दारात येऊन उभा राहिला. रेहानाच्या हातात मोबाइलएवढं एक यंत्र होतं आणि त्याच्या पडद्यावर गवताच्या पात्यांसारख्या रेघा हलत होत्या. ओव्या सुरू झाल्या की त्या रेघांवर पांढरं धुकं चढायचं आणि सगळं गवत बुडून जायचं. ओव्या चालू असताना घंटी एकदाही वाजली नाही.

कालिंदी मनातल्या मनात मूठ आवळत असणार, हे तिच्या कपाळावरच्या घामावरून कळत होतं.

रेहानाने समजावून सांगितलं. बिनतारी वस्तू, म्हणजे आपला माउस म्हणा, वायफाय म्हणा, काकूंच्या कानामागचं यंत्र म्हणा, सगळ्या एकाच अरुंद पट्टीत बोलतात. सेकंदाला सुमारे दोनशे चाळीस कोटी कंपनं, त्या आसपास. आता ही डिस्क बिनतारी नाही, तिला वायर आहे. पण तिच्यातून माहिती इतक्या वेगाने धडधडत वाहते की ती वायर आणि तिचं टोक नकळत स्वतःच एक छोटा रेडिओ होऊन बसतात, आणि नेमकी त्याच पट्टीत खरखर सोडतात. ती फार दूर जात नाही. पण डोंगल अगदी खेटून बसलंय. भोंगे लावलेल्या मांडवात कुणी आपल्या कानात हळू काही सांगावं, तसं काकूंचं होतं. त्या सांगतात. पेटीला ऐकू येत नाही.

विश्रामने मान हलवली. म्हणजे गाणी लावायची नाहीत. कळलं, कळलं.

रेहानाने पडद्यावरून नजर उचलली. मग तिने विचारलं, काकू तुम्हाला 'गं' म्हणतात का?

तो हसला. अलीकडे म्हणते, लाडाने.

डॉक्टरांनाही म्हणाल्या का?

हसू तसंच राहिलं त्याच्या तोंडावर, पण डोळ्यांतून गेलं.

"काका, काकू बोलतात तेव्हाही डिस्क चालते," रेहाना म्हणाली. "आवाज तिच्यावरच आहे ना. शब्दाचं पहिलं अक्षर येतं, तोवर दिवा लागलेला नसतो. मग पेटी आवाज काढायला डिस्क फिरवते आणि पुढचं बुडतं."

"पण ती पुरं बोलते. एक शब्द तुटत नाही तिचा."

"पेटी भरते."

शाळेत 'रिकाम्या जागा भरा' असायचं, तसं, ती म्हणाली. पेटीत ती सोय मुद्दाम केलेली असते. एखादा आवाज निसटला तर बोलणं तुटू नये म्हणून पेटी अंदाजाने पुढचं जोडते. एखादा निसटला तर चालतं. पण इथे पहिल्या अक्षरापुढचं सगळंच निसटत होतं. आणि अंदाज कशावरून करणार? जे जवळ आहे त्याच्यावरून. काकूंच्या जुन्या बोलण्यावरून. ओव्यांवरून.

विश्राम भिंतीला टेकून उभा होता. त्याने विचारलं, दिवाळीपासून ती जे बोलली, त्यातलं तिचं किती?

ते आता सांगता येणार नाही, रेहाना म्हणाली. पेटी साठवून ठेवत नाही.

तिने पेटीची भरायची सोय बंद केली. डिस्क तशीच ठेवली. म्हणाली, काकू, आता बोला.

निळा दिवा लुकलुकला आणि कालिंदीच्या आवाजाच्या चिंध्या बाहेर आल्या. "अ… दि… वि… पु…" मधे खरखर नव्हती, नुसतं काही नव्हतं. पुन्हा तेच, "वि…" आणि पुढे पोकळ. विश्रामने कानावर हात ठेवले. सगळा हिवाळाभर ती अशी बोलत होती. ह्या चिंध्यांवर पेटी शालू नेसवत होती आणि तो त्याच्या काठाचं कौतुक करत बसला होता. तिने डोळे मिटले की त्याला वाटायचं, ऐकते आहे.

रेहानाने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. तिने डिस्कची वायर काढली. निळा दिवा विझला.

मग पेटी बोलली, त्या कुठल्याच गावच्या नसलेल्या, स्वच्छ, कोरड्या आवाजात.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

विश्रामच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, त्यालाच कळलं नाही. रेहानाला काही उमगलं नाही, ती नुसती बघत राहिली. पण त्याला उमगलं. सगळ्या हिवाळ्यात कालिंदीने त्याला एक टोमणा मारला नव्हता. एकदाही नाही. लग्न झाल्यापासून ज्या बाईने त्याला टोमण्यावाचून चहा दिला नाही, ती महिनोन्‌महिने नुसती गोड बोलत होती, आणि त्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं.

तो पलंगापाशी गुडघ्यावर बसला. तिचा हात हातात घेतला. तू डॉक्टरांना काय म्हणालीस, त्याने विचारलं. श्वासयंत्राचं. तू म्हणालीस ना, थांब…

तो थांबला नाही, सवयीने पुढे गेलाच. "थांबते, म्हणालीस ना?"

पापणी दोनदा मिटली. तिच्या डोळ्यांकडे त्याने कितीतरी दिवसांनी पाहिलं होतं.

"थांबवा," पेटी म्हणाली. "थांबवा म्हणाले मी. यंत्र नको. आता पुरे."

विश्राम उठला. खिडकीपाशी गेला, परत आला. त्याचा चेहरा पार्सल ऑफिसात चुकीची पेटी आलेल्या माणसासारखा झाला होता. हा तिचा आवाज नाही, म्हणाला. फलाटावरची बाई आहे ही. हिचं ऐकून मी माझ्या बायकोचा श्वास बंद करू? आत्ताच तूच सांगितलंस ना पोरी, पेटी स्वतःच्या मनाचं घालते म्हणून? मग हे कशावरून तिचं?

त्याला ठाऊक होतं हे तिचंच आहे. म्हणूनच तो भांडत होता.

रेहाना वाद घालायला गेली नाही. तिने सॅकमधून एक वायर काढली, हातभर लांब, जाड, आतून धातूची जाळी गुंडाळलेली. डोंगल पेटीतून काढून त्या वायरच्या टोकाला लावलं, आणि वायर पलंगाच्या कठड्यावरून नेऊन ते कालिंदीच्या उशीशी ठेवलं. डिस्क पुन्हा पेटीला जोडली, पण मेजाच्या पार पलीकडे सरकवून. तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा तारेखाली दोऱ्याचा तुकडा घालतात, ती हलकेच म्हणाली. दोरा केसभर सरकला की सूर मिटतो, केसभर सरकला की उघडतो. आजोबा तासन्‌तास तेवढंच करायचे. इथंही दुसरं काही नाही. अंतर.

पडद्यावरचं धुकं उतरलं. गवत वाऱ्यावर हललं.

एवढंच होतं. हातभर वायर. दिवाळीला ती लावली असती तर.

निळा दिवा लागला. भरायची सोय बंदच होती. आणि कालिंदीचा आवाज आला, तिचा, वाक्याच्या शेवटी हेलकावा घेणारा, आणि ह्या वेळी प्रत्येक शब्दाला शेवट होता.

"अहो. मीच बोलतेय."

तिने सावकाश सांगितलं. मधे मोठमोठ्या जागा रिकाम्या सोडत, कारण आता त्या भरणारं कुणी नव्हतं. दिवाळीपासून सांगतेय, म्हणाली. दिवा विझवा म्हणत होते, डिस्कवरचा. पेटी म्हणायची, दिवा लावा. तुम्ही दिवा लावत होता. मला माझ्याच आवाजाचं तोंड दाबावंसं वाटायचं आणि हात नव्हता. ओव्या लावायचात त्या ऐकून मला रडू यायचं, त्या कुणा दुसऱ्या बाईच्या होत्या. तिला श्वास पुरायचा. मग म्हणाली, तुमच्यावर राग होता. आता नाही. आता तेवढंही बळ नाही. पापण्या जायच्या आत जायचंय मला. माझं 'हो' आणि 'नाही' माझ्याकडे असताना.

रेहाना खिडकीकडे तोंड करून वायर गुंडाळत होती. गुंडाळायला वायर उरलीच नव्हती, तरी तिचे हात तसे फिरत होते.

विश्रामने डॉक्टरांना फोन केला. फोनवर तो काय बोलला ते त्याला नंतर आठवलं नाही. डॉक्टर दुपारीच आले. त्यांनी पेटी बंद करायला लावली आणि तेच प्रश्न नुसत्या पापण्यांना विचारले, उलटसुलट करून, पुन्हा पुन्हा. पापण्यांनी प्रत्येक वेळी तेच सांगितलं. डॉक्टरांनी सोमवारची नोंद खोडली. जाताना ते कालिंदीला म्हणाले की मी तुमचं अर्धंच ऐकलं होतं, आणि हात जोडले. श्वासाची धाप लागेल तेव्हा द्यायची औषधं त्यांनी विश्रामला समजावून दिली. त्रास होऊ देणार नाही, म्हणाले. जिन्यापर्यंत पोचवायला ह्या वेळी विश्राम गेला नाही.

घरात दोघंच उरली. मिरजेचं चैत्रातलं ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलं होतं. विश्रामने पेटी पुन्हा चालू केली आणि खुर्ची ओढून तिच्या इतकी जवळ बसला की तिचा श्वास मोजता आला असता. मोजला नाही. मेजावर डिस्क होती, तिच्यात बायांच्या गर्दीत हसणारी कालिंदी होती, पाळणे म्हणणारी होती, न विचारता यंत्र लावलं म्हणून ओरडणारी होती. ती सगळी उद्याही असणार होती. त्याला त्या विचाराने काहीच बरं वाटलं नाही.

आयुष्यभर त्याने समोरच्याचं बोलणं आधीच ओळखलं होतं. आता त्याला काही ओळखता येईना. म्हणून त्याने विचारलं.

"मग मी काय करू, कालिंदी?"

निळा दिवा लागला.

"तुम्ही…"

पुढे काही आलं नाही. दिवा तसाच लागलेला. विश्रामच्या जिभेवर शब्दांची रांग लागली, पार्सल ऑफिसच्या खिडकीसमोर लागायची तशी. काळजी करू नका. जेवून घ्या. रडू नका. मला माफ करा. त्यातला कुठलाही उचलून त्या रिकाम्या जागेत ठेवणं किती सोपं होतं, आणि कुठलाही ठेवला तरी चपखल बसला असता.

त्याने दात आवळले. तिच्या पापण्यांकडे बघत राहिला. ऊन पलंगावरून सरकून तिच्या हाताला लागलं. खाली रस्त्यावर विजेवरची रिक्षा आवाज न करता निघून गेली. तिचा श्वास आत गेला, अडखळला, बाहेर आला.

"…थांबा," कालिंदी म्हणाली.

तो पुढे काही आहे का म्हणून विचारायला गेला नाही. कळलं, कळलं, म्हणाला नाही. तिचा हात हातात धरून विश्राम थांबला.